सायकलवरची कानबाई

देवावर माझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं की मी आजवर वेळ मारून नेत आले. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सिद्ध झाल्याशिवाय पुढची पायरी लिहायची नाही, ही सवय घरापर्यंत येते. सणवार सगळे करते, हातही जोडते, पण हात जोडलेले असताना मन गॅसवरच्या दुधात असतं. मागच्या श्रावणात जे घडलं ते सिद्ध करायला मी बसलेली नाही. जसं घडलं तसं सांगते, ज्याने त्याने आपापलं उत्तर काढावं.

त्याच्या आदल्या वर्षी मला चिकनगुनिया झाला होता. ताप आठवड्यात गेला, पण सांध्यांनी मुक्काम ठोकला. सकाळी उठलं की हाताची बोटं मिटायची नाहीत. फळ्यावर वर्तुळ काढायला जावं तर त्याचं अंडं व्हायचं, आणि माझ्या पोळ्यांना नवरा जिल्ह्यांची नावं द्यायला लागला. वरवर मी हसायचे. आतून मात्र भीती बसली होती, की हे हात आता असेच राहणार. डॉक्टर म्हणाले, हालचाल सोडू नका, सायकल चालवा. लेकीने पुण्याहून गिअरची सायकल पाठवून दिली. जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीतून पन्नाशी उलटलेली बाई डोक्यावर हेल्मेट घालून निघाली की दुकानदार विचारायचे, "मॅडम, स्कूटी बिघडली का?" मी म्हणायचे, नाही, मॅडम बिघडल्यात.

पुढे जळगावातल्या सायकल चालवणाऱ्यांच्या एका गटात शिरले, आणि तिथे ते आव्हान गळ्यात पडलं. महिन्यातून एकदा, एकाच दिवशी, सूर्य मावळायच्या आत शंभर किलोमीटर. असे सलग बारा महिने. सायकल ढकलत चाललात तरी चालतं, पण कोणाच्या गाडीत बसलात किंवा एखादा महिना हुकला, की पुन्हा पहिल्यापासून. मी ते घेतलं, आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली: बारा झाले की आपला आजार संपला. ही वेडगळ अट कोणीही घातलेली नव्हती, माझी मीच घातली होती. म्हणूनच ती मोडता येत नव्हती. उन्हाळ्यातले महिनेसुद्धा पहाटे निघून, केळी खात पार केले. जळगावकराच्या खिशात केळं नसेल तर तो कसला जळगावकर!

अकरावा महिना ऑगस्टचा. एका रविवारी शाळेचं काम निघालं, एका रविवारी नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, एकदा पाऊस असा की रस्ता दिसेना. उरला शेवटचा रविवार, आणि तो नेमका कानबाईचा. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे श्रीफळ, नथ-डोळे लावून नटवलेलं. आमच्या भावकीत ती दर वर्षी एकेका घरी बसते, आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेलं तेच श्रीफळ या घरून त्या घरी जातं. त्या दिवशीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भावकीने खायच्या, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि नैवेद्य होईपर्यंत सगळ्यांनी उपाशी बसायचं. मागच्या वेळी ती आमच्याकडे होती, आता धुळ्याला थोरल्या जाऊबाईंकडे जायची होती. जळगाव ते धुळे शंभराला थोडंसंच कमी पडतं. धुळ्यात आग्रा रोडवर जरा पुढे जाऊन परत आलं की झालं. सणही साधेल आणि महिनाही, असा माझा हिशेब.

नवरा आणि सासूबाई गाडीने जाणार होते. देवी अर्थातच त्यांच्याबरोबर, असं मी धरून चालले होते. पण सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी निकाल दिला. "गाडीमां माले उलटी व्हस, तिले बी व्हई. तू लई जाय तिले सायकलवर." ऐंशी ओलांडलेल्या बाईशी वाद कोण घालणार? शिवाय मला आतून बरंच वाटलं. अट एकच होती, आणि ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: एकदा उचललेली कानबाई चौरंगावर बसेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही.

हँडलला अडकवायची माझी पिशवी सासूबाईंनी स्वतः पुसली, आत नवं खणाचं कापड अंथरलं आणि देवी ठेवून तोंड बांधलं. पहाटे मी नमस्कार केला आणि निघाले. पिशवीत आधी काय होतं, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

पाळधी, एरंडोल मजेत गेलं. श्रावणातला वारा पश्चिमेचा, म्हणजे धुळ्याकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. पारोळ्यानंतर तर वाटायचं, कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे लोटतंय. दोन्ही बाजूंना कपाशी, रस्ता रिकामा. मी देवीशी गप्पा मारायला लागले. नारळाशी बोलणारी गणिताची बाई विद्यार्थ्यांनी पाहिली असती, तर माझी काही धडगत नव्हती. एवढ्यात नवऱ्याची गाडी हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. खिडकीतून सासूबाईंनी मला नाही, पिशवीला हात जोडले.

मुकटीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार आत घुसली होती. काही बिघडलं नाही, ट्यूब आहे, पंप आहे, असं म्हणत मी हात लांब केला आणि तसाच आखडला. ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, सगळं त्याच पिशवीत असायचं. सासूबाईंनी ते काढून ठेवलं होतं. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "टायर रस्तावर फिरस, शेणमातीमां जास. ते देवीजोडे ठेवतस का?" त्यांच्या सोवळ्यात ते बसत नव्हतं, आणि मला सांगावं एवढी ती मोठी गोष्ट त्यांना वाटली नव्हती.

नवऱ्याला फोन लावला, उचलला नाही. जाऊबाईंना लावला, तिथे एव्हाना गाणी सुरू झाली असणार. रस्त्याकडेचं पंक्चरचं दुकान बंद, कारण दुकानदारही कोणाच्या तरी भावकीत रोट खायला गेलेला. मी सायकल ढकलत निघाले. एकीकडे धुळ्यात सगळी भावकी उपाशी बसणार, कारण देवी माझ्याकडे. दुसरीकडे एखादा टेम्पो थांबवून चढले, तर दहा महिन्यांची मेहनत मातीत. बोटं हँडलवर आवळून आवळून पुन्हा दुखायला लागली होती. डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात रागही आला. मी पिशवीकडे बघून म्हटलं, "तूच निघालीस ना सायकलवर? मग आता तूच बघ. मला काही सुचत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही मनापासून म्हटलं असेन, आणि तेही भांडण.

थोडं पुढे शेतातलं एक घर लागलं. ओट्यावर एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, पायाला प्लास्टर. बाईंनी हाक मारली, "कोन शे व माय? सायकल पंचर व्हयनी का?" मी म्हटलं, हो अक्का, पंप मिळेल का? पंप होता. खाटेवरच्या आबांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, जुन्या सायकलीचा, सोबत सोल्युशनची नळी आणि रबराचे तुकडेही. पण चाक काढायचं तर सायकल आडवी करावी लागणार, आणि हँडलला देवी. पिशवी काढून खुंटीला लावावी तर सासूबाईंनी हँडलला बांधलेल्या गाठी माझ्या बोटांना सुटेनात. अक्कांनी विचारलं, "थयलीमां काय शे एवढं?"

मी सांगितलं. अक्का उठल्या. आत जाऊन हातपाय धुऊन आल्या, ओट्यावर पाट मांडून त्यावर बसल्या, मांडीवर पदर पसरला आणि म्हणाल्या, "दे. मना मांडीवर दे तिले."

मी सायकल ओट्याला खेटून धरली, गाठी त्यांनीच सोडल्या. कापडासकट श्रीफळ मांडीवर घेतलं आणि त्या रडायला लागल्या. मी घाबरले. तेवढ्यात आतून आबा म्हणाले, "रडू दे तिले. सकायपासून रडी ऱ्हायनी." मग हळूहळू कळलं. यांची दोन्ही मुलं सुरतला. यंदा त्यांच्या भावकीची कानबाई सुरतला थोरल्याच्या घरी बसणार होती. दोघं निघणार तेवढ्यात आबा बांधावरून घसरले आणि पाय मोडला. लग्न होऊन आल्यापासून कानबाईविना असा हा अक्कांचा पहिला रविवार. त्या श्रीफळावरून हात फिरवत म्हणाल्या, "मी सकायमां तिले सांगं, तू सुरतले चालनी गयी, आते मना घर कोन यी? दख, ऊनी का नही!" ऊनी, म्हणजे आली.

मी सायकल आडवी केली.

आजवर पंक्चर मी कधी स्वतः काढलं नव्हतं. गटातली मुलं "मॅडम, सरका" म्हणून करून द्यायची, आणि माझी बोटं बघून मीही सरकायचे. आता सरकायला कोणी नव्हतं. अक्कांनी आधीच दोन जाड चमचे काढून दिले होते. त्यांच्या दांड्यांनी मी टायर उचकटायला लागले. खाटेवरून आबा सूचना देत होते, आणि त्या सगळ्या त्यांच्या जाडजूड टायरच्या असल्याने माझ्या टायरला एकही लागू पडत नव्हती, तरी मी हो आबा, हो आबा म्हणत होते. ओट्यावर अक्का देवीला हळदकुंकू लावून तिच्याशी अहिराणीत बोलत होत्या. सुना कशा आहेत, नातीचे दात कसे आले, यंदा मूग कसा गेला, असं सगळं. बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या बहिणीला सांगावं तसं. बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे सापडले, तुकडा चिकटवला, टायर पुन्हा बसवलं. शेवटचा भाग अंगठ्यांनी दाबून आत घालावा लागतो. तो टप्पकन आत गेला.

साबणाने हात धुताना मी थांबले. काळीमिट्ट बोटं पाण्याखाली उघडत होती, मिटत होती. आपण बारा महिने मोजून जे मिळवायला निघालो होतो, ते इथे, मुकटीच्या एका अंगणात, आधीच हातात आलंय, हे मला तेव्हा समजलं. मीही मग अक्कांसारखं रडून घेतलं. आबा म्हणाले, "आते हाई बी रडनी!" आणि आम्ही तिघंही हसायला लागलो.

नवऱ्याचा फोन आला. "अगं, आहेस कुठे? सगळे खोळंबलेत. गाडी घेऊन येऊ का?" मी म्हटलं, नको, निघालेच. अक्कांनी देवी पुन्हा पिशवीत बसवली, गाठी बांधल्या आणि पाठीला बांधायला एक छोटं गंगाफळ दिलं. त्या दिवशी नैवेद्याला त्याची भाजी लागतेच. "तुमना रोट माले चालाव नही," त्या म्हणाल्या, "पन मनं गंगाफय तिले चालस." वाऱ्याविरुद्ध पाठीवर भोपळा घेऊन सायकल चालवण्याचा प्रसंग आमच्या गटातल्या कोणावरही आला नसेल.

धुळ्यात शिरले तेव्हा हँडलवरचं यंत्र शंभराला थोडेच किलोमीटर कमी दाखवत होतं. आग्रा रोड समोर होता, ऊन अजून शिल्लक होतं. अर्ध्या तासाचं काम. जाऊबाईंची गल्ली डावीकडे होती. तिथे लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे उपाशी बसलेले, आणि एकदा रोटाच्या पंगतीला बसलं की अंधार होणार हे मला ठाऊक होतं. मी क्षणभर थांबले. खोटं कशाला सांगू, पाय सरळच जायला बघत होते. मग पिशवीच्या गाठींना लागलेलं अक्कांच्या बोटांचं कुंकू दिसलं आणि मी डावीकडे वळले.

देवी चौरंगावर बसली. कुठेही जमिनीला टेकली नव्हती. आरती झाली, अक्कांच्या गंगाफळाची भाजी झाली, आणि मी इतकी जेवले की जाऊबाई म्हणाल्या, सायकलचं पोट वेगळं आहे का हो? बाहेर सूर्य मावळला. अकरावा महिना गेला. वाईट वाटेल म्हणून मी वाट बघत होते, पण जेवण झालेल्या पंगतीत सासूबाईंना अक्कांची गोष्ट सांगता सांगता मला ते वाटायचं राहूनच गेलं. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पंचर नही व्हती ते तू तठे थांबती का?"

या प्रश्नाचं उत्तर मला गणितात सापडलेलं नाही, आणि आता शोधतही नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. निघायच्या आदल्या संध्याकाळी पाहते तर सासूबाई जमिनीवर बसून माझी पिशवी भरत होत्या. आधी ट्यूब, मग पंप, मग पट्ट्या. तिन्हींना हळदकुंकू लावलेलं. मी हँडलला पिशवी अडकवली आणि पहाटे मुकटीची वाट धरली.

आबा काठी घेऊन अंगणात चालत होते. अक्का ओट्यावर होत्या. मी सायकल उभी केली, पिशवी काढायला हात घातला. कानबाईचा सण होऊन गेला होता, आत या वेळी फक्त पंप-ट्यूब असणार हे अक्कांना माहीत होतं. तरीही त्या चटकन पाटावर बसल्या आणि त्यांनी मांडीवर पदर पसरला. म्हटलं, अक्का, आज देवी नाही आणली. त्या हसल्या, पदर तसाच धरून ठेवला आणि म्हणाल्या, "तू ते ऊनी ना? ये, बठ."