वांगावरची ट्यूब
सनस्क्रीनचं झाकण उघडलं की त्या वासाबरोबर मला शनिवार पेठेतला तो दवाखाना आठवतो. माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं होतं आणि स्कूटीवरून उतरले तरी मी तोंडावरचा स्कार्फ सोडत नसे. डॉक्टरीणबाईंनी तो सोडायला लावला, गालावर दिवा धरला आणि विचारलं, "काय लावता?" माझ्याआधी आईच म्हणाली, "काही नाही हो, फक्त दुधावरची साय." खरं तर सहा महिने मी औषधाच्या दुकानातून गुपचूप आणलेली, गोरं करणारी ट्यूब लावत होते. एक दिवस चुकला तरी गाल भाजल्यासारखे जळायचे, त्यामुळे ती सोडवत नव्हती, आणि आईसमोर खरं सांगवत नव्हतं. त्या सकाळी तर ट्यूब कपाटात सापडलीच नव्हती. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गाल लाल, वर बारीक लव. तुमच्या सायीत स्टिरॉइड निघतं म्हणायचं." आईने पर्स उघडून माझीच ट्यूब टेबलावर ठेवली. "हिच्या कपाटातून मीही थोडी थोडी घेते," असं म्हणून तिने पदराने स्वतःच्या गालावरची पावडर पुसली. खाली माझ्यासारखेच डाग होते. एका घरात राहून मी ते कधी पाहिले नव्हते. आता सकाळी आम्ही दोघी एकाच आरशापुढे डॉक्टरीणबाईंनी दिलेलं सनस्क्रीन लावतो. डाग फिके झालेत, गेलेले नाहीत, आणि स्कार्फ मी अजून घरातूनच बांधून निघते.