घाटापलीकडची रमिला

रमिलाच्या नवऱ्याचा, दिलवरचा फोन आला तेव्हा मी शहाद्यातल्या घराच्या गच्चीवर बारा दिवसांच्या बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसले होते. "ताई, काल रमिला गेली..." एवढंच तो म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेली?"

लोणखेड्याच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. मी तापीकाठची, सारंगखेड्याची; ती धडगावच्याही पुढच्या पाड्यावरची. घरी पावरी बोलणारी रमिला मराठी इतकं जपून बोलायची की माझ्या अहिराणीला तीच हसायची. लग्नानंतर ती पाड्यावर आरोग्याचं काम करणारी आशाताई झाली. गरोदर बायांना जीपमधून दवाखान्यात आणायचं, डॉक्टरांचं बोलणं त्यांना पावरीत सांगायचं. गेल्या वर्षी आम्हा दोघींना एकदमच दिवस राहिले. माझी सोनोग्राफी घरापासून दहा मिनिटांवर व्हायची. तिच्याकडच्या दवाखान्यात यंत्र होतं, ते चालवणारं कुणी नव्हतं. म्हणून सातव्या महिन्यात घाट उतरून ती माझ्याकडे आली. तपासणीत रक्त फार कमी निघालं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आठेच ऱ्हाय ना बेटा, हाई तुन्हं माहेरच शे." ती हसली. "मी इथे राहीन हो. पण पाड्यावरच्या बायांना कोण आणील?" मी आणखी आग्रह करायला हवा होता... मला माझ्याच बाळंतपणाचं पडलं होतं.

कळा सुरू होताच दिलवरने तिला हलवलं. सकाळी नऊला ती दवाखान्यात होती. दहाच्या सुमारास मुलगी झाली आणि रक्तस्राव थांबेना. तिथे रक्त नव्हतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली. गाडी परतेपर्यंत दोन वाजले. मुलगी वाचली, रमिला मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर घाटातच गेली. चीड कुणावर काढू? एकट्या नर्सने शेवटपर्यंत तिचं पोट दाबून धरलं होतं. माझ्या सिझेरियनला रक्ताची पिशवी आधीच आणून ठेवली होती. ती मला लागलीही नाही.

परवा मृत्यूची चौकशी झाली. कागदावरचं मराठी कळावं म्हणून दिलवरने मला सोबत नेलं. साहेबांनी वाचून दाखवलं, "पेशंटला उशिरा आणल्यामुळे..." कधी मान वर न करणारा दिलवर उठून उभा राहिला.

"साहेब, ती नऊला आली होती. उशीर तुमच्या गाडीला झाला. ते लिहा."

"तसा रकाना नाही यात," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे सरकवलं.

दिलवरने ते माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्ही लिहा."

सहीच्या चौकटीत मावेल तेवढंच मी लिहिलं, 'रमिला सकाळी नऊला आली होती.' त्याखाली दिलवरने सही केली.