दादा आणि ध्रुवावरचं आभाळ

मेडिकलवाल्याचा फोन आला, "ताई, सर इथं पायरीवर बसलेत, लवकर या." मी पोचेपर्यंत अरुणदादा गेला होता. आईची औषधं आणायला म्हणून निघालेला... सगळे सोपस्कार उरकून घरी आले, तर आईच्या गोळीची वेळ टळून गेलेली. आधी तिला गोळी दिली, मग रडले. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही मूळचे वैरागचे. दादा भौतिकशास्त्र शिकला आणि एका मोहिमेत वर्षभर अंटार्क्टिकावर राहून आला. रेडिओलहरी आभाळात सोडायच्या आणि खूप उंचावरच्या विरळ हवेतून त्या किती वेळात परत फिरतात ते मोजायचं, हे त्याचं काम. निघताना त्यानं आईला समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजी आडात खडा टाकून पाणी किती खोल हाय बघत्यात, तसंच की." "व्हय, पर माझा आड वर हाय," दादा हसला.

त्या हिवाळ्यात हिमवादळानं अँटेनाची तार तुटली. नेमकी तेव्हाच सूर्यावर मोठी खळबळ झाली होती, ध्रुवावरची वरची हवा ढवळून निघत होती, आणि यंत्र बंद. वादळ पुरतं ओसरायच्या आत दादा बाहेर पडला. जाड हातमोज्यांत बारीक स्क्रू धरवेना, म्हणून त्यानं एक हातमोजा काढला. तार जोडली गेली, पण उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं हिमदंशानं गेली. परतल्यावर आई तो हात मांडीवर घेऊन बसून राहिली. "एवढं करून काय घावलं रं?" दादा म्हणाला, "यंत्र बंद हुतं तवाचं मधलं मोजायचं ऱ्हायलंच, आई. त्या दिवसांचं आता कुटंच मिळायचं न्हाय." बोटांविषयी तो पुढंही कधी हळहळला नाही, त्या हुकलेल्या दिवसांविषयी मात्र...

पुन्हा जायची संधी आली तेव्हा आईला विस्मरण सुरू झालं होतं. तिला मी सोलापूरला आणलं होतं, आणि शाळेची नोकरी नि ती यांत पार पिचून गेले होते. दादानं जायचं रद्द केलं, इथल्या कॉलेजात नोकरी धरली आणि आमच्याकडं राहायला आला. आल्या आल्या म्हणाला, "आता तू झोप जरा." ध्रुवावरची मोजमापं इंटरनेटवरून यायची. आईच्या खाटेपाशी बसून तो ती तपासायचा, मधेच तिला घास भरवायचा. मी खरंच झोपायचे.

हल्ली दुपारी आई आपला अर्धा चहा बशीत ओतून ठेवते. विचारते, "अरुण कुटं गेलाय?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. ती दर वेळी नव्यानं रडायची. आता तेवढं बळ माझ्यात उरलं नाही.

"बर्फात गेलाय, आई," मी म्हणते.

"मग येईल की," ती म्हणते, आणि बशी झाकून ठेवायला सांगते. मी झाकते.