निंबा साळ्याची पाजणी

कार्तिक संपता संपता बुऱ्हाणपूरच्या आभाळाला काय होतं, ते आभाळालाच ठाऊक. सकाळी धुकं असं की समोरचं दार दिसू नये, दहा वाजता ऊन असं की डोक्यावर उपरणं घ्यावं, आणि दुपारी कुठून तरी गार वारा सुटून ढग जमायचे. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी मोठमोठे जुने तलाव तुडुंब भरलेले, खालून तापी वाहते. म्हातारी माणसं त्या ढगांना तलावाचं आभाळ म्हणत. ते आलं की बायका वाळवणं उचलत, आणि साळी लोक शिव्या देत.

दिल्लीला इंग्रज बादशहाचा दरबार भरणार म्हणून गावभर चर्चा चालली होती, त्या सालची ही गोष्ट. निंबा साळी तेव्हा पंचावन्नच्या पुढे गेलेला. अंगानं काटकुळा, नाकावर राग, आणि बोलणं तर असं की दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा खर्चायचा नाही. गल्लीतल्या निम्म्या साळ्यांनी हातमाग आवरून गिरणीत नोकऱ्या धरल्या होत्या. निंबा हलला नाही. बायको मालूबाई पावसाळ्यात तापानं गेली. एकुलती एक लेक कोकिळा दापोऱ्याला शेतकऱ्याच्या घरी दिलेली. घरात उरला तो आणि त्याचा माग. सकाळी स्वतःच्या हातानं भाकरी थापायची, करपली तर करपलीच खायची. संध्याकाळी दिवा लावायचा आणि दिव्याकडे बघत बसायचं. बोलणार तरी कोणाशी?

कोकिळेला सातवा लागला होता. पौर्णिमेला सासरी डोहाळजेवण ठरलं. आता साळ्याच्या लेकीच्या डोहाळजेवणाला माहेरचं हिरवं लुगडं बापाच्या मागावरचंच हवं. दुकानातून आणलं तर चार बायकांत लेकीची मान खाली जाते. निंबानं मनाशी घेतलं होतं, काय वाट्टेल ते होवो, लुगडं आपण विणायचं. हिरवं सूत आणलं, ताणा तयार केला. राहिली होती फक्त पाजणी.

पाजणी म्हणजे ताण्याला खळ पाजणं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे धागे बांबूंवर ताणायचे, ज्वारीच्या पिठाची पातळ खळ लावायची, आणि ती वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं, म्हणजे धागा धाग्याला चिकटत नाही. हे एकट्याचं काम नव्हे. दोन्हीकडून माणसं लागतात, आणि हात थांबून चालत नाही. आपल्या गल्लीची रीत निंबा मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आमच्याकडे पाजणीला बोलावणं नसतं बाप्पा. ताणा दिसला की माणूस कुंचा घेऊन येतो. बोलवायला ते काय परके आहेत?" आणि खरंच, उभ्या आयुष्यात त्यानं कोणाला हाक मारली नव्हती. तो पहाटे ताणा लावायचा आणि तांबडं फुटेपर्यंत आठ-दहा माणसं उभी असायची. मालूबाई मग सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटायची.

मालूबाई गेल्यानंतरची ही पहिलीच पाजणी. त्यानं मुद्दाम रविवार धरला, गिरणीला सुट्टी म्हणून. पहाटे धुक्यात ताणा लावला, चुलीवर खळ शिजवली, गूळ-फुटाण्याचं सूपसुद्धा ओट्यावर आणून ठेवलं. आणि बसला वाट बघत.

धुकं विरळ झालं. समोरून भाईदास निघाला, हातात पिशवी, पायात नव्या वहाणा. याच भाईदासनं वीस वर्षं निंबाच्या शेजारी उभं राहून कुंचा फिरवला होता.

"काय निंबाभाऊ, पाजणी का?"

"दिसतंय ना."

"हां, दिसतंय," असं म्हणत भाईदास ताण्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून भिंतीकडेनं बाजारात गेला. त्याच्या मागून आणखी दोघं गेले, तेही तसेच अंग चोरून. निंबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हाक मारायची? छे! ज्यांना डोळ्यांनी ताणा दिसत नाही, त्यांना तोंडानं काय सांगायचं?

ऊन चढलं. खळ घट्ट होत चालली, त्यानं गरम पाणी घालून सारखी केली. मग पुन्हा एकदा केली. शेवटी उठला आणि एकट्यानंच सुरुवात केली. या बाजूनं कुंचा मारायचा, पळत जाऊन त्या बाजूनं मारायचा. म्हातारपणी ही धावपळ! तो त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचे धागे गळ्यात गळे घालायचे. बोटांनी ते सोडवत बसला की तिकडचे चिकटायचे. घामानं सदरा भिजला. घरांच्या दारांत बायका उभ्या राहून बघत होत्या, पण निंबाभाऊचा राग सगळ्यांना माहीत, पुढे यायला कोणी धजेना.

आणि तेवढ्यात उत्तरेकडून गार वारा आला. निंबानं वर पाहिलं. तलावाचं आभाळ.

पाऊस फार नव्हता. घटकाभर बुरबुर, बस्स. पण ओल्या खळीला तेवढं पुरलं. धागे एकमेकांना चिकटून लगदा होऊन बसले, हिरवा रंग ओघळून गल्लीच्या मातीत गेला. शेजारची सोजरबाई डोक्यावर पोतं घेऊन धावत आली, एक टोक धरायला लागली, पण धरण्यासारखं राहिलं नव्हतं काही.

"एक शब्द टाकायचा होता हो भाऊ," ती म्हणाली.

"कधी टाकला होता?" निंबा खेकसला. "आजवर कधी टाकला होता मी शब्द?"

सोजरबाई काहीतरी बोलणार होती. त्याच्या तोंडाकडे बघून ती तशीच घरात निघून गेली.

दुसरा ताणा करायला दिवस उरले नव्हते. निंबानं चौकातल्या दुकानातून गिरणीचं हिरवं लुगडं घेतलं, फडक्यात बांधलं आणि पौर्णिमेला मान खाली घालून दापोऱ्याला पोचला.

ओटी भरताना कोकिळेनं लुगडं हातात घेतलं. काठावरून एकदा अंगठा फिरवला. साळ्याची पोर ती, तिला काय सांगावं लागतं! सासू विचारती झाली, "घरचं का गं?"

"तर! आबांनी स्वतः विणलं," कोकिळा ठणकावून म्हणाली, आणि लगेच नेसायला आत गेली.

जेवणं झाल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन गोठ्यामागे आली. निंबा तिथे एकटाच बसला होता.

"पाजणीला कोणी आलं नाही ना, आबा?"

"नाही. ताणा बघून गेले सगळे. माणुसकी राहिली नाही गल्लीत."

कोकिळा हळूच म्हणाली, "आबा, ताणा बघून कोणी कधीच येत नव्हतं. आई जायची सांगायला. आदल्या संध्याकाळी, मागच्या दारांनी, घरोघर. मीपण जायची तिच्याबरोबर."

निंबा तिच्याकडे बघत राहिला. "मला कधी बोलली नाही ती."

"कशी बोलणार? तुम्ही सगळ्यांना सांगायचे, माझा ताणा दिसला की लोक धावत येतात. ती चुलीपाशी बसून ऐकायची. सांगू नको म्हणायची मला, त्यांना बरं वाटतं तसं."

मालूबाई गेल्यावर दहावं झालं होतं, तेरावं झालं होतं, निंबाच्या डोळ्याला पाणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दापोऱ्याच्या त्या गोठ्यामागे, लेकीच्या देखत, तो उपरणं तोंडावर धरून रडायला लागला. कोकिळा तांब्या खाली ठेवून त्याच्याजवळ बसली.