दादाचं शेततळं आणि माझी पाणबुडी

रविवारी लातूरजवळच्या मुरुडला दादाच्या शेतात माझी पाणबुडी बुडाली... "पाणबुडीच ती, बुडणारच की," असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण वर येणं हाही तिच्या कामाचाच भाग असतो ना!

मी लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. चाळिशी उलटल्यावर रिमोटवर चालणारी पाणबुडी बनवायची हौस आली आणि दिवाळीपासून गच्चीवर माझा हाच उद्योग सुरू झाला. पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडांना टोपणं, आत बॅटरी आणि मोटर, मागे पंखा. शेपटीच्या पात्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केल्या आणि सगळ्याला छान पिवळा रंग दिला.

खरी कसोटी वजनाची असते. पाण्यात तिची जेमतेम पाठ वर दिसली पाहिजे... मग पंख्याच्या जोरावर ती खाली जाते आणि पंखा थांबवला की आपली आपण वर येते. गच्चीवरच्या ड्रममध्ये एकेक लोखंडी नट आत घालत, बाहेर काढत मी ते साधलं. जमलं त्या दिवशी शेजारच्या काकूंना गुडघे दुखत असतानाही वर चढायला लावलं, इतका आनंद झाला होता.

पण ड्रममध्ये ती फिरणार कुठं? म्हणून दादाचं शेततळं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याची केशर आंब्याची बाग आहे आणि ती उन्हाळाभर त्या तळ्यावरच जगते. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यात भरून घेतलेलं असतं आणि ते धरून ठेवतो तो तळाशी अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. कागदाला भोक पडलं की पाणी जमिनीत गेलंच म्हणून समजा... त्यामुळं भोवती तारेचं कुंपण आहे आणि आत कुत्र्यालाही मज्जाव.

फोनवर तो चक्क नाही म्हणाला होता. तरी मी पाणबुडी काखेत मारून हजर! तिच्याकडं बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "कागदाला धक्का लागायचा न्हाई ना?" तळाला टेकतच नाही रे ती, मी छातीठोकपणे सांगितलं. मग त्यानं कुंपणाचं फाटक उघडलं.

पाण्यात ठेवली... क्षणभर पाठ दिसली आणि मी पंखा सुरू करायच्या आतच बाई निवांतपणे खाली निघाल्या. रिमोटच्या दांड्या मी पुढं-मागं करून थकले, काही उपयोग नाही. पाणी नितळ होतं म्हणून सगळं दिसत होतं. तळ्याच्या उतारावर, पुरुषभर पाण्याखाली, पत्र्याची शेपटी कागदाला टेकवून आडवी पडलेली!

वहिनी विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणायला निघाल्या तसा तो ओरडला, "गळ नगं! आकडे रुतले तर कागद फाटंल!" आत उतरायचा तर प्रश्नच नव्हता. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, असल्या तळ्यात पट्टीचे पोहणारे गेलेत.

मी बांधावर बसले. ड्रममध्ये तरंगणारी इथं कशी बुडाली, हेच कळेना... आणि मग ट्यूब पेटली. ड्रममध्ये बोअरचं खारं पाणी होतं आणि तळ्यात पावसाचं गोडं!

लातूरकराला हे सांगायला नको. प्यायचं गोडं पाणी वेगळं, वापरायचं खारं वेगळं. असल्या चाळ्यांसाठी गोडं पाणी घेतलं असतं तर ह्यांनी मलाच ड्रममध्ये बुडवलं असतं. आणि खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते हे मी स्वतः दरवर्षी वर्गात मृत समुद्र शिकवताना सांगते... हसा, हसा.

पण त्यातच सुटका होती. म्हणजे ती फक्त एक-दोन नटांनी जड झाली होती, पाण्यात तिचं ओझं असं नव्हतंच. दादाला म्हटलं, तिला ओढायला नको, नुसती अलगद उचलली तरी येईल.

तो विचार करत गोठ्याकडं गेला आणि आंबे उतरवायचा झेला घेऊन आला. झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला कडं आणि कड्याला जाळीची पिशवी. कड्याची देठ कापायची पाती काढली, वहिनींनी त्यावर जुनं लुगडं गुंडाळलं, काठीला आणखी एक बांबू बांधला. दादा काठावर पालथा झोपला आणि मी त्याचे पाय घट्ट धरून बसले.

पहिल्याच धक्क्याला ती हातभर खाली घसरली. मी डोळेच मिटले. "आगं, पाय नगं सोडू माय!" दादा ओरडला... उघडून बघते तर पिवळं नाक जाळीत!

वर आली तेव्हा शेपटीचं एक टोक वाकलेलं होतं. कागदाला टोचलं असेल का? दादानं खिशातली चुन्याची डबी काढली, पाणी कागदाला जिथं टेकलं होतं तिथं बोटानं रेघ ओढली आणि म्हणाला, "सकाळी कळंल."

मी लातूरला परतले, पण जेवण काही गेलं नाही. माझ्या हौसेपायी त्याची बाग वाळली तर कोणत्या तोंडानं माहेरी जायचं...

सकाळी चहा ठेवतानाच फोन आला. "पाणी रेघंलाच हाय." मी ओट्याशीच ढसाढसा रडले. फोनमध्येच मागून वहिनींचा आवाज, "रातच्याला दोन डाव बॅटरी घेऊन बघून आलेत, ते बी सांगा की!"

आता बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण दादा म्हणाला, "ते पत्र्याचं काढून रबराचं बसव. आन् हितल्याच पाण्यात वजन करू, मी बादली भरून ठेवतो. कवा येतीस?"

येत्या रविवारीच, म्हणाले मी, आणि तोवर चहा उतू गेला... असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो.