सगळ्यांना एकच टोकन

आदिलाबादच्या एका खासगी लॅबचं सॉफ्टवेअर मी लिहिलं, हे सांगायची आता लाज वाटते. भीमपूरला घरी बसून लिहिलं. गावोगाव रक्ताचे नमुने गोळा करणारे सात-आठ जण होते. त्यांनी मोबाईलवर रिपोर्ट मागितला की माझा कोड सर्व्हरला विनंती पाठवायचा आणि सोबत टोकन जोडायचा. टोकन म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती बरोबर असली की सर्व्हर मुकाट्याने रिपोर्ट देतो. मागणारा कोण, हेही त्याला त्या ओळीवरूनच कळतं.

खरं तर प्रत्येकाला स्वतःचं टोकन हवं, त्यावर फक्त त्याच्याच नमुन्यांचे रिपोर्ट उघडावेत आणि तासाभराने ते बाद व्हावं. आधी मी तसंच केलं होतं. पण बाद झालं की पुन्हा पासवर्ड टाकावा लागे आणि ते या मंडळींच्या जिवावर येई. नेरडीगोंड्याचा माणूस तर दिवसाला चार फोन करायचा.

"रोज रोज पासवर्ड काऊन लागते? आपलेच तं लोक हायेत सारे."

शेवटी मी वैतागलो. चाचणीसाठी माझ्या खात्यावर काढलेलं एक टोकन होतं, कधीच बाद न होणारं, सगळ्यांचे रिपोर्ट उघडणारं. तेच कोडमध्ये चिकटवलं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवलं. फोन थांबले. मीही खूश झालो, मूर्खासारखा.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं नेरडीगोंड्याला जमत आलं. तिने आपणहून त्याच लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं, तर ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. मुलगाही वाहक नाही ना, एवढंच लग्नाआधी पाहायला हवं होतं. मुलाला आपणच समोर बसून सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही, असं तिने घरात बजावलं. त्यासाठी रविवार ठरला.

शुक्रवारीच मुलाच्या मामाचा फोन आला. नेरडीगोंड्याचा तो नमुने गोळा करणारा त्यांच्या रोजच्या बैठकीतला. त्याने चहा पिता पिता तिचा रिपोर्ट उघडून दाखवला होता. मामा फार गोड बोलला. पोरीच्या भल्याचंच सांगतोय म्हणाला, आणि सोयरीक मोडली. मला शिसारी आली. परक्या पोरीचं रक्त यांनी बिस्किटासारखं चहात बुडवून खाल्लं होतं, आणि वर तोंड पुसून भल्याच्या गोष्टी.

मी त्या नमुने गोळा करणाऱ्याला फोन लावला. त्याने कानावर हात ठेवले. रिपोर्ट पाहिलाच नाही, पाहिजे तर तपासून घ्या म्हणे. त्याचं थोबाड पुराव्यानिशी बंद करायचं म्हणून मी तिरीमिरीत, कोणता रिपोर्ट कोणी उघडला याच्या सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. बहीण मागे येऊन उभी राहिली.

"माहा रिपोर्ट कोनं पाह्यला, दादा?"

त्या आठवड्यात तो तीनदा उघडला गेला होता. तिन्ही ओळींत पाहणारा म्हणून माझंच नाव होतं.