सहाशेच्या सहाशे

आमच्या थोरल्या साडूंइतका कागदावर जीव असलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. आणि त्यांनी ज्या एका कागदावर कधीच प्रेम केलं नाही तो नोटेचा, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची आक्का, त्याहून छातीठोकपणे सांगते. कापडबाजारामागच्या एका बोळात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं, एवढीच जागा. पण त्या जागेत भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर नुसत्या पांढऱ्या रंगाचेच म्हणे सतरा प्रकार. मला सगळे पांढरेच दिसत. साडू मात्र एक ताव उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "ऐकलं का, पाव्हणं? ह्यो बोलतो. मघाचा नुसता खोकत हुता."

लग्नाला गेल्यावर लोक नवरा-नवरी बघतात, निदान पंगत कुठे आहे ते तरी बघतात. साडू पत्रिका बघायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "दाजी, मागच्या वर्षी आपण राहुरीला गेलो होतो, त्या लग्नात जेवायला काय होतं हो?" तर म्हणाले, "जेवणाचं काय ध्यानात न्हाई. पण कागद दुधी हुता, कडंला बारीक चंदेरी रेघ. अन् पाकिटाचा डिंक लई हलका. निम्मी पाकिटं वाटंतच उघडली असतील बघा." कुणाचं लग्न होतं, हे त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

गिऱ्हाइकाला महाग माल विकायचा असतो, हे व्यापाराचं पहिलं पान बहुधा त्यांनी वाचलंच नव्हतं, किंवा त्याचा कागद त्यांना आवडला नसावा. अकोले तालुक्यातले एक भातगिरणीवाले एकुलत्या मुलीच्या लग्नासाठी मखमली पेटीची पत्रिका मागायला आले. आक्का नेमकी दुकानात होती. तिचा चेहरा उजळला. साडूंनी पेटी पुढे ठेवली आणि म्हणाले, "शेठ, ही पेटी उघडली की माणूस आत साडी शोधतो. न्हाई सापडली की रुसतो. त्यापरीस हा घ्या. साधा हाय, पण हा हातात घ्यायच्या आधी माणूस हात पुसून घेतो." गिरणीवाल्यांनी खरोखरच धोतराला हात पुसले, कागद हातात घेतला आणि तोच घेऊन गेले. आक्का आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. देवळाली प्रवराचे एक पुढारी मुलीच्या पत्रिकेसाठी सत्तरेक नावांची यादी घेऊन आले होते: चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन. साडूंनी सगळा मजकूर जुळवला, कच्ची प्रत काढली आणि पुढाऱ्यांच्या हातात दिली. "तात्या, ह्यात नवरी कुठं हाय, तेवढी हुडकून द्या. मंग छापतो." तात्या बराच वेळ बोट फिरवत राहिले. शेवटी नवरी सापडली माजी उपसरपंचांच्या खाली आणि मंडपवाल्याच्या वर. तात्या हसले, खुर्चीत टेकले आणि स्वतःच्या हातानं पन्नास नावं कापली. चर्चमधल्या लग्नाची माणसं वचन लिहून आणायची, बौद्ध घरातली मंगल परिणयाचा मजकूर आणायची. साडू प्रत्येकासाठी वेगळा ताव काढायचे, पण आग्रह सगळ्यांना एकच. पत्रिका हातानं द्यायची. दारात जायचं, माणसाचं नाव घ्यायचं, दोन मिनिटं टेकायचं. मोबाईलवर पत्रिकेचा फोटो पाठवणाऱ्याला ते शांतपणे विचारायचे, "अन् फोटोला हळदकुंकू कुठं लावता?"

पण त्यांचा खरा छंद लग्न उरकल्यावर सुरू व्हायचा. आठवड्याभरानं ते मुलीच्या बापाला गाठायचे आणि विचारायचे, "उरल्या किती?" चार-दोन उरल्या तर खूश, पन्नास उरल्या तर तोंड एवढंसं. म्हणायचे, "पन्नास दारं ऱ्हायली की हो." उरलेल्या पत्रिका मात्र ते परत मागून घ्यायचे. पत्रिकेचं मागचं पान कोरं असतं. तेवढं पान कापून, सुतळीनं बांधून, वर मुलीच्या नावाची चिठ्ठी लावून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे. पुढे त्या मुलीचं डोहाळजेवण आलं की त्याच पानांची छोटी आमंत्रणं करून द्यायचे. कागदाचे पैसे घ्यायचे नाहीत. "ज्या कागदानं पोरगी सासरी धाडली, त्याच कागदानं तिची ओटी भराया बायका बोलवायच्या," असा त्यांचा हिशेब. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. वरच्या फळीवर मात्र निम्म्या जिल्ह्याच्या मुली सुतळीत बांधून ठेवलेल्या असायच्या.

आमची प्राजक्ता त्यांच्या दुकानातच वाढली म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की ती तिथे जाऊन नमुन्यांच्या पत्रिकांची घरं बांधायची. ती दहावीत असताना साडूंनी एक कागद बाजूला काढून ठेवला: शुभ्र पांढरा, आणि कडेला अगदी प्राजक्ताच्या देठासारखी केशरी झाक. कुणी कितीही मागितला तरी "त्यो दिलेला हाय" म्हणायचे. प्राजूचं लग्न ठरलं तेव्हा तो कागद फळीवरून खाली आला. सहाशे पत्रिका झाल्या. मी पाटबंधारे खात्यात कारकून. खात्याचा कारभार बघता सहाशे माणसं मला ओळखतात हे मला नवीनच होतं, पण यादी आमच्या हिनं केली होती.

आता माझं सांगतो. पहिले आठ दिवस मी फार जोमात होतो. पिशवीत पत्रिका, खिशात कुंकवाची डबी, डोक्यावर टोपी. पण प्रत्येक दारात चहा, आणि चहाबरोबर पोहे. चौथ्या दिवशी पित्त झालं, सहाव्या दिवशी गुडघा धरला, आणि नवव्या दिवशी, वैशाखातल्या दुपारी पंख्याखाली आडवा पडल्या पडल्या, मी पत्रिकेचा एक छान फोटो काढला. तासाभरात अडीचशे घरं उरकली. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला वाटलं, काय सोपं आहे! उरलेल्या पत्रिका जुन्या चादरीत बांधून मी माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ढकलून दिल्या.

लग्नानंतर आठव्या दिवशी साडू आले. "उरल्या किती, पाव्हणं?" दहा-वीस म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण ज्याला धड खोटं बोलता येत नाही तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हणालो, "उरताहेत कुठल्या, दाजी! कमीच पडल्या." साडूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानातला नमुना झालो. कुणीही गिऱ्हाईक आलं की, "माझ्या साडूनं पोरीच्या लग्नाच्या सहाशेच्या सहाशे पत्रिका हातानं वाटल्या. गुडघं दुखत असताना! तुमाला तीनशे जड झाल्या व्हय?" बाजारात अनोळखी माणसं मला नमस्कार करू लागली. एकानं तर गुडघ्यासाठी तेल आणून दिलं.

दोन वर्षांनी प्राजूला सातवा महिना लागला आणि साडूंच्या लक्षात आलं की वरच्या फळीवर तिच्या नावाची सुतळीच नाही. माझा त्यांना अभिमानच इतका वाटला होता की कागदाचं राहून गेलं होतं. तसाच कागद शोधायला ते एसटीनं पुण्याला गेले, दिवसभर दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आले. तो कागद येणं बंद झालं होतं. "काय हरकत न्हाई," म्हणाले, "कात्रणं हायेत." पत्रिका कापताना निघालेल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तरी नाकाशी धरून, खळ लावून, केशरी कडेला केशरी कड जुळवत त्यांनी पट्टीला पट्टी जोडायला घेतली. दहा दिवसांत पंचवीस आमंत्रणं झाली.

ते दहाही दिवस मी ऑफिसातून सुटलो की त्यांच्या दुकानात जात होतो. खरं सांगायचंच, असं ठरवून जात होतो. ते पट्टी चिकटवत म्हणायचे, "बसा, पाव्हणं. चहा घ्या." मी चहा घ्यायचो. घरी आलो की ही विचारायची, "सांगितलं का दाजींना?"

"आज ते कामात होते."

"अहो, तेच काम थांबवायला तर तुम्हाला धाडलं होतं!"

"उद्या नक्की."

उद्या करत डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. प्राजूला चंद्रात बसवायचं ठरलं होतं, आणि चंद्राभोवती लावायला गणपतीच्या मखराची फुलं हवी होती. मी स्टूल शोधायला गेलो, परत येईपर्यंत उंच असलेले साडू खुर्ची घेऊन माळ्यापाशी पोचलेही होते. मी खुर्ची धरली. धरण्यापलीकडे काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वर मखर सरकल्याचा आवाज आला, मग चादरीची गाठ सुटल्याचा. मी वर पाहिलं. त्यांनी एक पत्रिका कानाशी नेऊन हलवली. डोळे मिटलेले होते.

"ओल न्हाई लागली," ते म्हणाले. "चांगलं बांधून ठेवलंय."

"दाजी, मी..."

"फुलं घ्या खाली. पोरगी खोळंबलीय."

गाठ पुन्हा बांधल्याचा आवाज मी ऐकला. खाली उतरून त्यांनी हात झटकले, आणि दुपारभर ते प्राजूच्या मैत्रिणींना सांगत होते की आमंत्रणाचे सांधे उजेडात धरल्याशिवाय दिसायचे नाहीत.

मला वाटलं, आता दुकानातला माझा नमुना बंद होईल; आणि खरं म्हणजे तशी आशाही होती. महिन्याभरानं भीतभीत गेलो, तर समोर एक बाप बसला होता आणि साडू सांगत होते, "हे आलेत ना, हेच ते. सहाशेच्या सहाशे." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी पाय तरी धरले असते. चहाचा कप तेवढा माझ्याकडे सरकवला.

बारशाच्या आधी मात्र मी हिंमत केली, गाठोडं स्कूटरवर घातलं आणि बोळात शिरलो. दुकानात नुसती भिंत होती. कापायचं यंत्र त्या आठवड्यातच गेलं होतं. नजर साथ देत नव्हती आणि गिऱ्हाइकंही फोटोवर भागवू लागली होती. साडू पायरीवर बसले होते. त्यांनी गाठोड्यावर हात फिरवला. "आता कशानं कापू, पाव्हणं? ऱ्हाऊ द्या घरी. पोरीच्या पोरीला चित्रं काढाया होतील."

त्या जागेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. साडू संध्याकाळी आमच्याकडे येतात. नात आता चार वर्षांची आहे. सुट्टीला आली की पालथी पडून त्या पत्रिकांच्या कोऱ्या पानांवर खडूनं हत्ती काढते. परवा साडू खुर्चीत बसून तिला सांगत होते, "तुझ्या आजोबानं तुझ्या आईच्या लग्नाच्या पत्रिका दारोदार जाऊन दिल्या. सहाशेच्या सहाशे!" मी पेपरात तोंड घातलं. नातीनं हातातली पत्रिका उलटसुलट केली आणि विचारलं, "मग ही कुठून आली?"

साडूंनी तिच्या हातातला कागद घेऊन कानाशी हलवला आणि तिला परत दिला.

"ही व्हय? कमी पडल्या हुत्या ना, म्हणून मागून छापल्या."

नात पुन्हा हत्तीकडे वळली. मी चहा सांगायच्या निमित्तानं आत गेलो, आणि चहा झाला तरी बराच वेळ आतच उभा राहिलो.